दावीद परत गेला नाही

या सदराच्या या महिन्याच्या टपालात चार पत्रं एकाच दुखण्याची, जवळच्याच माणसाने केलेल्या छळाची, निघाली. म्हणून बाकीची पुढच्या अंकासाठी ठेवली आहेत; मुलीच्या नर्सिंगच्या प्रवेशाबद्दल विचारणाऱ्या भावाने कृपया महिनाभर थांबावं. चारही पत्रांतली गावं आणि काही तपशील मी बदलले आहेत. पहिल्या भगिनीने लिहिलं आहे की तिच्या नावाचं पाकीट तिच्या हातात फोडलेलंच येतं, तेव्हा टपालाने उत्तर नको. तिच्यासारखी जिची स्थिती असेल तिने हा अंक घरी नेऊ नये. मैत्रिणीकडे वाचावा आणि तिथेच ठेवावा.

प्रश्न : मावशी, सलाम. माझ्या लग्नाला चौदा वर्षं झाली. मुलगी अकरा वर्षांची, मुलगा सहा. मी खासगी शाळेत शिकवते. मिस्टर आमच्या चर्चच्या मंडळीचे खजिनदार आहेत, आवाज गोड आहे, नाताळात गायनमंडळ तेच उभं करतात. माझं एटीएम कार्ड लग्नापासून त्यांच्याकडे आहे. मारहाण पहिल्या बाळंतपणापासून सुरू झाली. गेल्या पावसाळ्यात त्यांनी गळा दाबला. दोन दिवस आवाज बसला होता, शाळेत सर्दी म्हणून सांगितलं. शेवटी पाळकसाहेबांकडे गेले. त्यांनी दोघांनाही पाळकगृहात बोलावलं, इफिसकरांस पत्राचा नवरा-बायकोबद्दलचा पाचवा अध्याय वाचला, प्रार्थना केली. मिस्टर रडले, माझ्या पायाला हात लावला. पाळकसाहेब मला म्हणाले, सत्तर वेळा सात क्षमा कर. आठ दिवस बरे गेले, नवव्या दिवशी ‘घरचं बाहेर नेलंस’ म्हणून पट्ट्याने मारलं. पुढच्या बुधवारी महिला मंडळात माझं नाव घेऊन ‘घरातल्या शांतीसाठी’ प्रार्थना झाली. आता मी प्रभुभोजनाला उठत नाही. मनात राग धरून भाकर कशी घ्यायची? मी क्षमा केली नाही तर देव मला क्षमा करेल का? माहेरी गेले तर घर मी मोडलं असं होईल का?

उत्तर : बाळा, सलाम. तुझ्या पत्रातली सर्वांत मोठी गोष्ट तू एका ओळीत उरकलीस, म्हणून मी तिथूनच सुरुवात करते. गळा.

मी एकतीस वर्षं मिशन दवाखान्यात नर्स होते, त्यातली बरीचशी अपघात विभागात. न्हाणीघरात पाय घसरलेल्या किती बायका पाहिल्या त्याची मोजदाद नाही. पाय घसरला तर कोपर फुटतं, ढोपर फुटतं. दंडाच्या आतल्या बाजूला चार बोटं उमटत नाहीत. पण मला सगळ्यांत जास्त धास्ती वाटायची ती रक्ताने माखलेल्या बाईची नव्हे. आवाज बसलेल्या, गिळताना मान वाकडी करणाऱ्या, डोळ्यांच्या पांढऱ्यावर बारीक लाल ठिपके आलेल्या बाईची वाटायची. गळ्यावर कधी कधी एकही वळ नसतो आणि आतून सूज चढत असते. ज्या घरात एकदा गळा दाबला गेला, त्या घरात बाईचा जीव जाण्याचा धोका नुसत्या मारहाणीच्या घरापेक्षा कितीतरी जास्त असतो. तुझी पहिली काळजी तुझ्या जिवाची, घर मोडेल की राहील याची नंतर. गोष्ट पावसाळ्यातली असली तरी सरकारी दवाखान्यात जा, ‘नवऱ्याने गळा दाबला, पट्ट्याने मारलं’ असं केसपेपरवर लिहायला सांग आणि त्याची प्रत घे. पुन्हा कधी गळ्याला हात लागला तर त्याच रात्री दवाखाना, दुसऱ्या दिवशी नाही.

आता पाळकसाहेबांनी दोघांना समोरासमोर बसवलं त्याबद्दल. त्यांच्याबद्दल बोलण्याआधी मला माझं सांगावं लागेल. वीस-बावीस वर्षांपूर्वी आमच्या मंडळीतली एक तरुण मुलगी माझ्याकडे आली होती. मी नर्स, मी महिला मंडळाची चिटणीस, मला वाटलं मला सगळं कळतं. मी तिच्या नवऱ्याला निरोप पाठवला, माझ्या पुढच्या खोलीत दोघांना बसवलं, चहा केला, प्रार्थना केली. तोही रडला. मी समाधानाने झोपले. सकाळी ड्यूटीवर गेले तर ती माझ्याच वॉर्डात होती, दोन बरगड्या मोडलेल्या. मला बघून तिने तोंड फिरवलं. तिने मला विश्वासाने सांगितलेली गोष्ट मी त्याच्या हातात नेऊन दिली होती. ती पुन्हा माझ्याशी कधी बोलली नाही आणि मी तिला त्याबद्दल दोष देत नाही. हे सदर मी त्या मुलीमुळे लिहायला घेतलं.

तुझी क्षमेची गोष्ट मोठी आहे, ती टाळून मी तुला कायद्याचे नंबर देणार नाही. बायबलमधलं १ शमुवेल काढ. अठराव्या अध्यायात शौल राजा दावीदावर भाला फेकतो आणि दावीद दोनदा निसटतो. एकोणिसाव्यात शौलाचा मुलगा योनाथान मध्यस्थी करतो. योनाथान चांगला माणूस आहे, त्याचं दोघांवरही प्रेम आहे. शौल परमेश्वराची शपथ वाहतो की दावीदाला मारणार नाही, आणि योनाथान दावीदाला हाताशी धरून पूर्वीसारखाच शौलाच्या घरी आणतो. थोड्याच ओळींनंतर पुन्हा भाला भिंतीत. शपथ परमेश्वराच्या नावाची होती, मध्यस्थ प्रेमाचा होता, तरी भाला तोच होता. त्या रात्री दावीद पळाला. त्याच्या बायकोने, मीखलने, त्याला खिडकीतून खाली उतरवलं. त्याला कोणी विचारलं नाही की तुझा विश्वास कमी पडला का.

पुढचं अजून महत्त्वाचं. चोविसाव्या अध्यायात गुहेत शौल हाती लागला असताना दावीद त्याला मारत नाही. यापेक्षा मोठी क्षमा कोणती? शौल मोठ्याने रडतो. आणि दावीद? तो गडावर निघून जातो. सव्विसाव्यात तो पुन्हा शौलाचा जीव वाचवतो, त्याच्या उशाचा भाला आणि पाण्याचा चंबू घेऊन समोरच्या डोंगरावर, मध्ये भरपूर अंतर ठेवून उभा राहतो आणि तिथून बोलतो. शौल म्हणतो, माझं चुकलं, माझ्या मुला, परत ये. दावीद काय करतो? हा राजाचा भाला, एखादा पोरगा पाठवून घेऊन जा, म्हणतो. स्वतः जवळ जाऊन देत नाही. आणि आपल्या वाटेने निघून जातो.

क्षमा करणं आणि परत जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शास्त्रात त्या वेगळ्या आहेत. आपण मंडळीत त्या एकाच सुतळीने बांधल्या आणि गाठ बाईच्या गळ्यात घातली. तुला क्षमा करायची असेल तेव्हा कर. ती तुझी आणि देवाची गोष्ट आहे, तिला वर्षंही लागतील. डोंगराच्या पलीकडून कर.

सत्तर वेळा सात हे मत्तय अठरामधलं बाविसावं वचन आहे. त्याच अध्यायात पंधरा ते सतरा ही वचनं आहेत, जिथे अपराध करणारा ऐकत नसेल तर दोघा-तिघांना घेऊन जा, तरी ऐकेना तर मंडळीला सांग, तिचंही ऐकेना तर त्याला परक्यासारखा मान, असं प्रभू सांगतो. सहावं वचन जात्याच्या तळीचं आहे : लहानग्यांना जो अडखळवतो, त्याच्या गळ्यात ती बांधून त्याला समुद्रात बुडवणं बरं. बाविसावं तुला वाचून दाखवलं, बाकीची तुझ्या मिस्टरांना कोणी वाचून दाखवली? इफिस पाचमध्येही बायकांबद्दलच्या वचनाच्या आधी ‘एकमेकांच्या अधीन असा’ आहे, आणि नंतर नवऱ्याने स्वतःला अर्पण करावं असं आहे. पट्टा कुठेच नाही.

आणि प्रभुभोजन. तुझ्या बाजूने राग आहे म्हणून तू उठत नाहीस. डोंगरावरच्या प्रवचनात प्रभू म्हणतो की वेदीपाशी दान आणताना, आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर दान तिथेच ठेवून आधी जाऊन समेट कर. हे ज्याने दुखावलं त्याला सांगितलेलं आहे. जो दर रविवारी दानार्पणाच्या थाळ्या मोजतो, त्याला ते लागू आहे. तू ऊठ आणि भाकर घे. ती तुझ्यासाठीच मोडलेली आहे.

आता करायच्या गोष्टी. निघायचं ठरवलंस तर त्यांना आधी सांगू नकोस, रागाच्या भरातही नाही. बाई निघते ती वेळ सर्वांत धोक्याची असते. एका विश्वासू मैत्रिणीकडे एक पिशवी ठेव : तुझ्या आणि मुलांच्या आधार कार्डांच्या प्रती, मुलांचे जन्मदाखले, पासबुकाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स, पगाराची स्लिप, दवाखान्याचे कागद, दोन जोड कपडे, जमतील तेवढे पैसे. लग्नाचा दाखला मिळत नसेल तर लग्न जिथे लागलं त्या चर्चच्या विवाह नोंदवहीतून उतारा मिळतो. फोन ते तपासत असतील तर स्वतःच्या फोनवरून काहीच नको. शाळेतून किंवा मैत्रिणीच्या फोनवरून १८१ लाव, ही महिलांसाठीची हेल्पलाइन आहे. जिवावर बेतलं तर ११२. मुलीला ११२ पाठ करून ठेवायला सांग, आणि भांडण लागलं तर भावाला घेऊन कोणाच्या घरी पळायचं तेही सांग. मध्ये पडू नकोस, हे तिला स्पष्ट सांग.

कायदा तुझ्या बाजूने आहे आणि तो ख्रिस्ती बाईलाही तितकाच लागू आहे. २००५चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा मारहाणीपुरता नाही. तुझं एटीएम कार्ड काढून घेणं हाही त्यात आर्थिक छळ म्हणून बसतो. घटस्फोट मागावा लागत नाही. संरक्षण अधिकारी, जे महिला व बालविकास खात्यामार्फत असतात, ते तुझ्याकडून घटनेचा अहवाल भरून घेतात. दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज गेला की कायद्याप्रमाणे पहिली तारीख साधारण तीन दिवसांच्या आत पडायला हवी आणि साठ दिवसांत निकालाचा प्रयत्न व्हायला हवा. प्रत्यक्षात जास्त लागतो, खोटी आशा देत नाही. पण तातडीचा अंतरिम हुकूम नवऱ्याला ऐकून घेण्याआधीही मिळू शकतो. त्यांनी तुझ्याजवळ येऊ नये, शाळेत येऊ नये, तू राहतेस त्या घरातून तुला काढू नये, मुलांचा ताबा तात्पुरता तुझ्याकडे असावा, खर्च द्यावा, हे सगळं मागता येतं. घर त्यांच्या किंवा सासऱ्यांच्या नावावर असलं तरी तिथे राहण्याचा तुझा हक्क आहे. आणि माहेरी जाऊन राहिलीस तर माहेरच्या गावच्या कोर्टातही अर्ज करता येतो. वकिलाचे पैसे नाहीत म्हणून थांबू नकोस. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला वकील फुकट मिळतो, तिची मिळकत कितीही असो. त्यांचा नंबर १५१००. नवऱ्याच्या क्रूरतेचा फौजदारी गुन्हा, जो पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम ४९८ अ होता, तो जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५मध्ये आहे.

घर कोणी मोडलं? पट्टा कोणाच्या हातात होता ते तुझ्या मुलीने पाहिलेलं आहे. ती अकरा वर्षांची आहे, सगळं समजतं तिला.

प्रश्न : मावशी, मी तीन वर्षांपूर्वी सेमिनरीतून बाहेर पडलो, ही माझी पहिली मंडळी. मागच्या महिन्यात एक भगिनी उपासनेनंतर व्हेस्ट्रीत, म्हणजे चर्चमधल्या पाळकाच्या खोलीत, आली आणि बाही वर करून तिने हात दाखवला. तिचा नवरा कमिटीवर आहे. मी ज्येष्ठांना विचारलं, ते म्हणाले घरातला वाद घरात मिटवा, बाहेर गेलं तर मंडळीचं नाव खराब होईल. सेमिनरीत आम्ही ग्रीक शिकलो, याबद्दल कधी तासभरही शिकलो नाही. मी काय करू?

उत्तर : पाळकसाहेब, सलाम. तुम्ही विचारलंत याचा मला फार आनंद झाला. एक गोष्ट मात्र लगेच : तुम्ही ज्येष्ठांना विचारलं तेव्हा तिचं नाव सांगितलंत का? सांगितलं असेल तर तिच्या नवऱ्यापर्यंत ते गेलं असं धरूनच चाला, आणि ती एकटी असेल अशा वेळी तिला तेवढं कळवा. तिला सावध राहण्याचा हक्क आहे.

ती पुन्हा आली तर दोनच गोष्टी आधी म्हणा : माझा तुझ्यावर विश्वास आहे, आणि यात तुझा दोष नाही. मग ऐका. ‘तू काय केलं होतंस’ हा प्रश्न नको. हे मात्र विचारा : गळा कधी दाबला का, हत्याराचा धाक दाखवला का, जीव देईन किंवा घेईन म्हणाला का, मुलांना हात लावतो का, आज घरी जायला भीती वाटते का. यातल्या कशालाही ‘हो’ आलं तर त्याच दिवशी १८१ किंवा संरक्षण अधिकारी. तिची तयारी असेल तर तुमच्याच फोनवरून. तिला निर्णय घ्यायला वेळ लागेल. ती परतही जाईल, पुन्हा येईल, पुन्हा जाईल. रागावू नका. तिसऱ्यांदा आली तर पहिल्यांदा आल्यासारखं दार उघडा.

दोघांना एकत्र बसवू नका. का ते वर लिहिलं आहे. तिच्या घरी फोन करू नका, व्हॉट्सॲपवर निरोप टाकू नका, कोणत्या वेळी कोणत्या फोनवर बोलायचं ते तिनेच ठरवू दे. प्रार्थना-विनंतीत तिचं नाव जाऊ देऊ नका, ‘एक भगिनी’ म्हणूनही नाही. आपल्या मंडळ्यांत ‘एक भगिनी’ कोण हे संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळतं. तिने सांगितलेलं तिच्याच शब्दांत, तारीख घालून एका वहीत लिहा आणि वही कुलपात ठेवा. कोर्टात ती वही उपयोगी पडू शकते. आणि तुम्ही नवऱ्याचेही पाळक आणि तिचेही, हे ओझं एकट्याने घेऊ नका. त्याच्याकडे दुसऱ्या मंडळीतला एखादा पाळक पाठवा.

नाव खराब होईल या भीतीबद्दल. हिंसाचाराच्या कायद्याच्या चौथ्या कलमात आहे की कोणीही माणूस संरक्षण अधिकाऱ्याला माहिती देऊ शकतो, आणि चांगल्या हेतूने दिली तर त्याच्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. कमिटीला हे छापून दाखवा. आणि सभेत १ तीमथ्य ३ वाचा. मंडळीच्या अध्यक्षाच्या अंगी काय नसावं त्या यादीत आपल्या मराठी शास्त्रात शब्दच ‘मारका’ असा आहे. मारका नसावा. इतका नेमका शब्द समोर असताना तो माणूस कमिटीवर कसा राहतो, हे मला कळत नाही. भाकर-द्राक्षारस वाटणं, वचन वाचणं, हिशेब ठेवणं, सगळ्यावरून त्याला दूर करा. पण एक लक्षात ठेवा, ही कारवाई तिला विचारून आणि तिची सुरक्षिततेची सोय झाल्यावरच, कारण त्याचा राग तिच्यावरच निघणार आहे.

तो पश्चात्ताप झाला म्हणेल, साक्षही द्यायला उभा राहील. अश्रूंवर जाऊ नका. शुभवर्तमानातल्या जक्कय जकातदाराने रडून दाखवलं नाही. ज्याचं घेतलं त्याला चौपट परत देतो म्हणाला. तिचा पगार, तिचं कार्ड, तिचे कागद परत केले का, कोर्टाचा हुकूम कुरकुर न करता पाळतो का, ती वेगळी राहिली तरी तिला दोष देत नाही का, हे पाहा. आणि वर्षानुवर्षं पाहा. दोघांनी एका उपासनेत येऊ नये अशी वेळ आली तर चर्च त्याने बदलावं. आजवर मी पाहिलं ते उलटंच : बाई मुलांना घेऊन गुपचूप दुसऱ्या मंडळीत जाते आणि तो पहिल्या बाकावर गात राहतो.

पैशांचीही गोष्ट आहे. गरिबांसाठीच्या फंडातून रिक्षाभाडं, खोलीचं डिपॉझिट, मुलांची फी देता येते. ‘कौटुंबिक मदत’ एवढंच खात्यात लिहा. आणि रिकाम्या दिवशी जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन या : महिला व बालविकास अधिकारी, सखी वन स्टॉप सेंटर, आणि पोलीस ठाण्याच्या आवारात बसणारा महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष. हे कक्ष मुंबईत १९८४ साली टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने सुरू केले आणि नंतर राज्यभर पसरले. तिथे समाजकार्यकर्त्या असतात. ओळख संकटाच्या रात्री करायची नसते.

ज्येष्ठ फारच अडून बसले तर पंडिता रमाबाईंची आठवण द्या. ५ एप्रिलला त्यांची पुण्यतिथी आपण करतो, भाषणं होतात. १८८९मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन उघडलं, मग ते पुण्याला आलं, मग केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं, १८९६-९७च्या दुष्काळात तर त्या मध्य प्रांतात जाऊन मुली घेऊन आल्या. टाकलेल्या, छळलेल्या बाईच्या डोक्यावर आधी छप्पर, हे मराठी मंडळीला परक्या कोणी शिकवावं लागत नाही.

प्रश्न : मी संडे स्कूल घेते. नऊ वर्षांच्या एका मुलीने मला हळूच सांगितलं की पेटी शिकवणारे काका तिला ‘नको तसं’ धरतात. मी प्रमुखांना सांगितलं. ते म्हणाले, ते गृहस्थ वयस्कर आहेत, आधी आपण तिघांची चौकशी समिती नेमू, तोवर बोलू नका.

उत्तर : ताई, थांबू नका. हे वाचताक्षणी १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला किंवा पोलिसांना कळवा. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा पॉक्सो कायदा २०१२ सालचा आहे. मुलावर असा गुन्हा झाल्याचं ज्या कोणाला कळलं त्याने पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवलंच पाहिजे, हे त्याच्या १९व्या कलमात आहे. न कळवणं हा स्वतंत्र गुन्हा आहे आणि त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आपल्या हाताखालच्या माणसाचं प्रकरण संस्थेच्या प्रमुखाने दडवलं तर वर्षापर्यंत. पाळकाला, फादरला, संडे स्कूलच्या बाईला यातून सूट नाही. धार्मिक संस्थेतल्या माणसाने असं केलं तर कायदा ते अधिक गंभीर धरतो. चौकशी समिती नेमण्याचा अधिकार आपल्याला नाही, आणि तीन मोठ्या माणसांसमोर त्या लेकराला तेच पुन्हा सांगायला लावणं हा दुसरा अत्याचार आहे.

मुलीला तुम्ही आणखी खोदून विचारू नका. तिने जे म्हटलं ते तिच्याच शब्दांत, वेळ-तारीख घालून लिहा. ‘सांगितलंस ते बरं केलंस’ एवढं तिला म्हणा. ‘कोणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका, कारण ते तुम्हाला पाळता येणार नाही. तिचा जबाब तिच्या घरी किंवा तिला बरं वाटेल तिथे, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा असतो, हे तिच्या आईला सांगा म्हणजे तिची पोलिसांची भीती कमी होईल. तिचं नाव कुठेही उघड होता कामा नये. आणि त्या गृहस्थांचा पेटीचा वर्ग आजच बंद. ते वयस्कर आहेत हे मला कारण वाटत नाही.

प्रश्न : मी वसई तालुक्यातली. माझी धाकटी बहीण गेल्या महिन्यात दोन मुलांसह माझ्याकडे आली, नवऱ्याने हातावर इस्त्री टेकवली होती. आई म्हणते, लग्न हा संस्कार आहे, तो मोडत नाही, तिला परत पाठव, नाहीतर पाप तुझ्यावर. मी तिला ठेवू का? तिचं शिलाई मशीन तिकडेच राहिलं आहे, त्यावर ती कमावत होती. आणायला जाऊ का?

उत्तर : ठेवा. आईंना सांगा, मी प्रोटेस्टंट आहे, माझं ऐकू नका, तुमच्याच चर्चचा कायदा ऐका. कॅथलिक चर्चच्या कायद्यातलं ११५३वं कलम सांगतं की जोडीदार दुसऱ्याच्या किंवा मुलांच्या शरीराला-मनाला गंभीर धोका करत असेल तर वेगळं राहण्याला ते रास्त कारण आहे, आणि थांबण्यात धोका असेल तर बिशपांच्या परवानगीआधीही निघता येतं. पोप फ्रान्सिस यांनी २०१६च्या ‘आमोरिस लेतित्सिया’ या पत्रात, दुर्बल जोडीदाराला आणि लेकरांना मारहाणीतून सोडवायचं असेल तेव्हा वेगळं होणं कधी कधी नैतिकदृष्ट्या आवश्यकच ठरतं, असं म्हटलं आहे. वेगळं राहिल्याने तिचा मिस्सा बंद होत नाही, कम्युनियनही बंद होत नाही. तुमच्या फादरना एकट्याने भेटून हेच आईंच्या समोर बोलायची विनंती करा. आई तुमचं नाही ऐकणार, त्यांचं ऐकतील.

पुढे कधी तिला कायद्याने सुटका हवी झाली तर तीही आहे. पूर्वी ख्रिस्ती बाईला नवऱ्याची नुसती क्रूरता पुरत नसे, सोबत व्यभिचारही सिद्ध करावा लागे. १८६९च्या कायद्यातली ती अट मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ साली रद्द ठरवली आणि २००१मध्ये संसदेने कायदाच बदलला. आता क्रूरता एवढं कारण पुरेसं आहे. पण ती घाई नको, आधी हात बरा होऊ दे.

भाजलेल्याचे फोटो तारखेसह काढून ठेवा, दवाखान्याचा कागद करा. शेजारच्या दोन घरांना सांगून ठेवा की तो आला आणि आरडाओरडा ऐकू आला तर ११२ लावायचा. मुलांच्या शाळेत लेखी द्या की आई किंवा तुमच्याशिवाय कोणाच्या ताब्यात मुलं द्यायची नाहीत.

मशीन आणायला तुम्ही जाऊ नका, तीही नको, तिचा भाऊही एकटा नको. हिंसाचाराच्या कायद्याखालच्या अर्जात तिच्या वस्तूंची यादी द्यायची असते : मशीन, दागिने, भांडी, कागदपत्रं. दंडाधिकारी ते परत देण्याचा हुकूम देऊ शकतात आणि पोलिसांना मदतीला सांगू शकतात. मशीन कोणत्या कंपनीचं, कुठल्या साली घेतलं, पावती आहे का, हे तिला आजच आठवून लिहायला बसवा. तोवर पॅरिशच्या महिला गटात विचारा. कोणाच्या ना कोणाच्या माळ्यावर एखादं पायाचं मशीन धूळ खात पडलेलं असतंच.